मोडलेले धुरे

इंद्रभान आठवड्याच्या मधल्या वारी कधी गावात येत नसे. मंगरूळच्या तहसील कचेरीत शिपाई लागल्यापासून तो रविवारी दुपारच्या गाडीनं यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. त्यामुळे बुधवारी सकाळीच तो अंगणात उभा दिसला तेव्हा लिलाबाई चुलीपुढून उठून आली. थापलेली भाकर तिच्या हातातच राहिली.

"काय झालं भाऊजी? कोन गेलं?"

"गेलं नाई वयनी, आलं. जमीन आली आपल्याले. दादा कुठी हाये?"

माणिकराव गोठ्यातून हात पुसत आला. सासू भागिरथाबाई ओट्यावर तुरी पाखडत होती, तिनं मान वर केली नाही. पण सूप थांबलं. इंद्रभाननं खाली बसायची सुद्धा वाट पाहिली नाही. सरकारचा हुकूम निघाला होता. ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर ज्या गरिबांनी अतिक्रमण करून वाहिती केली, ती जमीन त्यांच्या नावानं करून द्यायची. तलाठी सोमवारी पंचनाम्याला येणार होता.

"म्हंजे आपली बरड?" माणिकरावनं विचारलं.

"आपली बरड."

पण बरड आता आपली नव्हती. ती सगळ्यांची होती, म्हणजेच कोणाचीच नव्हती, असं लिलाबाई मनात म्हणाली.

चौसष्टच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहानंतर बौद्धपुऱ्यातल्या सहा घरांनी गावावरची ती मुरमाड बरड फोडली होती. दगड वेचले, शेताशेताच्या हद्दीला दगडांचे धुरे घातले, पायलीभर पेरलं आणि पसाभर नेलं. मग बहात्तर साल आलं. बरडीवरची उरलीसुरली माती नाल्यात गेली आणि पुऱ्यातली विहीर कोरडी पडली. त्या दुष्काळात नाला-बांधाच्या कामावर दगड फोडता फोडता लिलाबाईच्या सासऱ्याच्या, देवमनच्या, डोक्यात शिरलं की माणसानं हात काढून घेतला तर ही टेकडी आपली आपण सुधरेल. तो घरोघर फिरला, पाया पडला, भांडला. सहाही घरांचे नांगर त्यानं वर उचलायला लावले. कुऱ्हाड बंद, गुरं बंद. गवत वाढवायचं, विळ्यानं कापायचं आणि वाटून घ्यायचं. एका चुलीला एक विळा.

हा शेवटचा कायदा लिलाबाईच्या मुळावर आला. तिला सासूपासून वेगळं निघायचं होतं. प्रत्येक वेळी सासऱ्याचं एकच उत्तर: "चूल दुसरी झाली का विळा दुसरा झाला. लोक म्हनतीन, देवमननं कायदा केला अन् आपल्याच घरात दोन विळे घेतले." लोक काय म्हणतील या एका वाक्यापायी तिनं सहा वर्षं सासूच्या चुलीचा धूर खाल्ला होता.

देवमन बरडीवरची राखण आटोपून काठी टेकत आला तेव्हा सगळे त्याच्याकडेच पाहत होते. इंद्रभाननं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. म्हातारा शांतपणे पाणी प्याला.

"येऊ दे तलाठ्याले. बरड दाखवू. कंबरेइतकं गवत होते तथी आता. पळस हाये, चारोळी हाये, सागाचे फुटवे हायेत. चैतापर्यंत विहिरीले पानी रायते. पाह्य म्हना, सरकारनं नाई केलं ते आमी केलं."

"बाबा, त्याले झाडं नाई पाह्याची," इंद्रभान म्हणाला. "त्याले तास पाह्याचे हायेत. नांगराचे तास. वाहिती दिसली तं जमीन, नाई दिसली तं राम राम."

"सहा वर्सं वायली नाई ते वायली म्हनून सांगू?"

"चौसष्टपासून वायतो म्हनाचं. खोटं कोनतं हाये त्याच्यात? मधातले दिवस सोडून द्याचे."

देवमन हसला. त्या हसण्यानं इंद्रभानचं डोकं फिरलं. कचेरीत तो दिवसभर ज्यांच्यापुढे पाण्याचे गिलास ठेवायचा त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या नावावर शेत होतं. बापाला हे कसं समजवायचं?

"मारोतराव पाटलाचा जगदेव काल कचेरीत आला होता. चहा मलेच आनाले लावला. माह्यासमोर बोलला साहेबाशी, मी काई भिंतच होतो जसा. आपल्या गड्याच्या नावानं बरड मागून राह्यला तो. बरड नांगराले शेलूबाजारचा ट्रॅक्टर सांगून ठेवला त्यानं शनिवारचा."

आता मात्र देवमनचं हसू गेलं. "मारोतरावानं शब्द देल्ला होता मले. त्याचे ढोरं सुद्धा सहा वर्सं बरडीवर चढले नाईत."

"शब्दाचा सातबारा निघत नाई, बाबा," माणिकराव म्हणाला.

माणिकराव बापापुढे एवढं बोलला हेच नवल होतं. देवमननं बायकोकडे पाहिलं. घरात दोन्ही पोरं फिरली की भागिरथा त्याच्या बाजूनं बोलायची, ही घराची रीतच होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"जेलात कोन गेलं होतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"चौसष्टले. अकोल्याच्या जेलात कोन गेलं होतं? मी गेली होती. पोरगी हाती धरून, बायाईच्या गाडीत बसून मी गेली होती. तुमाले ताप होता म्हनून तुमी घरी होते. जमीन मांगाले मी गेली. अन् सोडाची गोठ तुमी केली. तवा मले इचारलं होतं?"

देवमननं खरंच विचारलं नव्हतं. गावातल्या पाच घरांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या त्यानं. आपल्या घरात मात्र नुसतं सांगितलं होतं.

"सहा वर्सं बोलली नाई मी," भागिरथाबाई म्हणाली आणि पुन्हा सूप उचललं. "आता बोलून राह्यली."

*

देवमनच्या लेकीला, बेबीताईला, हे दुपारी बरडीवर कळलं, तेही शेजारच्या रुखमाबाईकडून. घरातलं कोणी सांगायला आलं नाही.

ती पळसाची पानं तोडत होती. केनवडला दिलेली, नवऱ्यानं दुसरी आणली म्हणून माहेरी परत आलेली. आल्यावर पहिलं वर्ष तिनं खाली मान घालून भाकर खाल्ली. मग बरडीवर पळस वाढला आणि तिनं पत्रावळी लावायला घेतल्या. शेलूबाजारच्या लग्नसराईत तिच्या पत्रावळी जाऊ लागल्या. दर बाजाराला ती घरात ज्वारी आणून टाकी, आणि ती टाकताना मुद्दाम आवाज होईल अशी टाकी. टाकलेल्या बाईला एवढा आवाज करायचा हक्क त्या टेकडीनं दिला होता.

रुखमाबाई धुऱ्याच्या शोधात गवताच्या खुंटांतून वाकून वाकून चालली होती. "बेबे, इथी कुठंसा आमचा धुरा होता वं. तुले आठवते?"

"धुरा कायले पाह्यजे, काकू?"

"नांगर घालाचा हाये ना. तुले नाई सांगतलं घरच्यायनं?"

बेबीताई पानांचा भारा अर्धाच बांधून घरी आली. लिलाबाई एकटीच होती. दोघी नणंद-भावजया, पण सासूविरुद्ध दोघींची गट्टी जुनी. बरडीवर गवताला जाताना दोघी एकमेकींना मनातलं सांगायच्या.

"वयनी, दादाले समजाव. तू म्हनशीन तं तो ऐकते."

"मी कायले समजावू? मीच म्हनलं त्याले, घाल नांगर."

"तू? पळसाचं पानपान ठाऊक हाये तुले. मी काय करीन, त्याचा इचार केला?"

लिलाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला बोलता आलं नसतं. "तुह्या पत्रावळीसाठी आमी जलमभर दुसऱ्याच्या वावरात निंदाले जावं का, बाई? माह्या पोरायचं काय? तुहं एकटीचं पोट हाये. कुठीही भरते."

बेबीताई उंबऱ्यातच उभी राहिली. केनवडला सवतीनं सुद्धा तिला असं म्हटलं नव्हतं.

*

संध्याकाळी बाकीची पाचही घरं, म्हणजे नानाजी, रुखमाबाई, हिरीबाई आणि पुऱ्याच्या टोकाचे दोघे भाऊ, देवमनच्या अंगणात जमली. जयभीम झाला, चहा झाला, आणि चहाच्या कपबशा उचलायच्या आत भांडण जुंपलं.

भांडण होतं मोडलेल्या धुऱ्यांचं. नांगर उचलले त्या वर्षी देवमननं एक अट घातली होती: धुरे ठेवायचे नाहीत. "धुरा राह्यला का भांडन राह्यलं. आज झाड लावशीन, उद्या म्हनशीन हे माह्या धुऱ्यातलं." आणि ज्याचा त्यानं मोडायचा नाही, कारण आपला धुरा आपल्या हातानं पुरता मोडत नाही, माणूस एखादा दगड खुणेला सोडतोच. म्हणून प्रत्येकानं शेजाऱ्याचा मोडायचा. नानाजीनं रुखमाबाईचा मोडला, रुखमाबाईच्या दिरानं हिरीबाईचा. सगळे दगड उचलून नाल्यात बांधाला लावले. इतक्या सफाईनं काम झालं की आता कोणाचं शेत कुठून कुठवर होतं, याचा बरडीवर मागमूस नव्हता.

"तुहा धुरा बिब्याच्या झाडापर्यंतच होता, रुखमाबाई. मी मोडला ना. मले ठाऊक."

"तूच मोडला म्हनून तूच खाशीन काय? बिब्याच्या पलीकडं वीस पावलं होता. माह्या मालकानं घातला होता, त्याची शपथ."

"मेलेल्या मानसाची शपथ नको घालू, बाई."

"अन् तू जित्या बाईची जमीन नको गिळू, नानाजी!"

रुखमाबाईचा दीर उठला, नानाजीचा पोरगा उठला. काल एकमेकांच्या गवताचे भारे उचलून देणारी माणसं ही. माणिकराव आणि इंद्रभान मधे पडले नसते तर डोकी फुटली असती.

हिरीबाई म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, "अबे भांडता कायले? देवमनदादाले ठाऊक हाये. अथपासून तथपर्यंत सारे धुरे त्याच्या डोळ्यासमोर घातले अन् त्याच्याच डोळ्यासमोर मोडले. तो म्हनीन ते खरं. मान्य हाये का नाई?"

नानाजी म्हणाला, मान्य. रुखमाबाई म्हणाली, मान्य. देवमन खोटं बोलत नाही, हे गावात वैऱ्यालाही मान्य होतं. आणि तिथंच त्याचा घात झाला.

"मी नाई दाखवत," देवमन म्हणाला.



"शनिवारी पाटलाचा ट्रॅक्टर येते," नानाजीचा आवाज आता बदलला होता. "तो काई इचारनार नाई, कोनाचा धुरा कुठी. देवमनदादा, तुमच्या शब्दावर आमी नांगर उचलला. माही लेक त्या साली लगनाची होती, माह्याजवळ तेवढीच बरड होती. उचलला का नाई? रुखमाबाईनं बकऱ्या इकल्या. इकल्या का नाई? तुमी म्हनलं होतं, कोनाचंच नुसकान होनार नाई. आता झालं तं तुमी कुठी तोंड दाखवसान?"

"जंगल गेलं तं विहीर जाईन, नानाजी."

"विहीर गावाची हाये. जमीन माही हाये."

देवमननं सभोवार पाहिलं. आपल्या बाजूचं एक तरी तोंड तो शोधत होता. एक सापडलं. दाराआड बेबीताई उभी होती, आणि तिला अंगणात बोलायचा काही अधिकार नव्हता. त्याच्या मनात आलं, तिला बोलव, विचार. मग त्याला वाटलं, लोक म्हणतील, देवमन परत आलेल्या पोरीच्या पोटासाठी सहा घरांची जमीन बुडवतो. त्या विचारासरशी त्यानं मान खाली घातली.

"सकाळी या," तो म्हणाला. "दाखवतो."

*

सकाळी बरडीवर सहा बैलजोड्या चढल्या. सहा वर्षांत तिथं खूर उमटला नव्हता. बैलही बावचळले होते, वाटेतल्या प्रत्येक झुडपाला तोंड लावत होते आणि आज त्यांना कोणी हाकलत नव्हतं.

देवमन पुढे चालला. एकदाही न अडखळता तो काठी टेकवत गेला. "हिरीबाई, या चारोळीपासून त्या घळीपर्यंत तुहं." "रुखमाबाई, बिब्याच्या पलीकडं, हे अथपर्यंत. तू बरोबर होती." नानाजी कुरकुरला नाही. जिथं जिथं काठी टेकली तिथं तिथं पोरांनी दगड ठेवले. मागून नांगर लागत होते, गवताचे खुंट कराकरा तुटत होते, आणि म्हातारा मागे वळून पाहत नव्हता.

पाच घरांचं झालं. मधला, सगळ्यात दाट पळसांचा तुकडा उरला. देवमननं काठी उचलून काखेत धरली.

"झालं," तो म्हणाला.

"आपलं?" माणिकराव म्हणाला.

"आपलं अथी काई नाई. मी लोकायले सोडाले लावली, ज्याची त्याले परत देली. माही मी सोडली ते सोडली. देवमननं आपल्या घरासाठी जंगल मोडलं, असं मी म्हनू देनार नाई कोनाले."

इंद्रभानला वाटलं, बापाला धरून हलवावं. जंगल तर मोडलंच होतं. पाचांचं मोडून दिलं आणि स्वतःच्या पोरांना तेवढं कोरडं ठेवलं. हा कसला न्याय? हा न्याय नव्हता, हे बापाचं नाव होतं. आणि त्या नावाला पोसायला आजवर घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही कापलं गेलं होतं.

तेवढ्यात भागिरथाबाई पळसांत शिरली. पदर कमरेला खोचून ती सरळ चालत गेली, एका खडकाजवळ थांबली, मग काटकोनात वळली, पुन्हा चालली. प्रत्येक कोपऱ्यावर उभी राहून तिनं पायानं माती उकरली.

"अथी एक कोन. हा दुसरा. तो बुडखा दिसते, तो तिसरा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "त्याच्या डोळ्यासमोर घातले म्हनते हिरीबाई. दगड माह्या डोक्यावर होते. घातले तवाही, अन् मोडले तवाही. माणिक, आन बैलं."

चाळीस वर्षांत भागिरथाबाईनं चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पाडला नव्हता. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. माणिकरावनं बैल सोडले आणि कुऱ्हाड घेतली, कारण पळस काढल्याशिवाय नांगर चालणार नव्हता. पण पहिल्या झाडाशी गेल्यावर त्याचा हात काही उठेना. कुऱ्हाडबंदीचा कायदा त्याच्याही अंगात मुरला होता.

देवमन आला. त्यानं पोराच्या हातातून कुऱ्हाड घेतली.

"बंदी मी केली. मोडाची तं मीच मोडीन. उद्या लोक म्हनतीन, पोरानं बापाचा कायदा मोडला. सरक."

लोक आणि लोक. तेव्हाही त्याच्या डोक्यात तेच होतं. त्यानं पहिला घाव घातला, मग दुसरा. म्हातारपणीही हात सराईत होता. पळस कलंडला तसे माणिकराव, इंद्रभान, लिलाबाई सगळे पुढे झाले आणि फांद्या ओढू लागले. भागिरथाबाईनं सुद्धा हात लावला. सहा वर्षांत हे घर एका कामाला असं एकजुटीनं लागलं नव्हतं.

दुपारपर्यंत मधला तुकडा उजाड झाला. माणिकरावनं पहिला तास घातला. मुरूम वर आला, पांढरा आणि कोरडा. लिलाबाई तासाच्या कडेकडेनं चालत होती. चालता चालता तिनं नवऱ्याला विचारलं की घर बांधायचं तर ते याच वर्षी बांधता येईल का.

देवमन एका बुंध्यावर टेकला होता. बेबीताई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. सकाळपासून ती कुठं होती हे कोणी विचारलं नव्हतं. तिच्या हातात विळा नव्हता, भारा नव्हता, काहीच नव्हतं.

"बाबा, पानी पाह्यजे?"

"नको."

ती गेली नाही. तिनं बरडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. सहा तुकडे आता लख्ख वेगळे दिसत होते. हिरीबाईचा, नानाजीचा, रुखमाबाईचा, टोकाच्या दोघा भावांचे आणि हा मधला.

"तुमी आज सगळ्याईचे धुरे दाखवले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बाजारात भाव विचारावा तसं तिनं विचारलं. "माहा कोनता होता, तेवढं सांगा. मी तथी जाऊन उभी रायते."

देवमननं काठी उचलली. बरडीवरच्या प्रत्येक दगडाचं ठिकाण ज्याला पाठ होतं, त्याला ती टेकवायला जागा सापडेना. तिकडून माणिकराव ओरडला, बेबे, मोकळी हायेस तं फांद्या उचल, नांगर अडून राह्यला. ती गेली आणि फांद्या उचलू लागली.